पहिलीचा वर्ग आणि हिरवी रेषा

मोरसांगवीच्या शाळेत पहिलीच्या पोरांच्या कपाळाला पट्ट्या बांधल्या गेल्या आणि बघता बघता वर्गाचं लग्नघर झालं.

"बाई, माझी मुंडावळ घट्ट झाली!"

"बाई, हा मला नवरी म्हणतोय!"

पट्ट्या सुती होत्या, आतून मऊ, कानामागे बोराएवढं एक बटण. पुण्याहून आलेल्या डॉ. तहसीन मुजावर एकेका पोरापुढे उकिडव्या बसून पट्टी सारखी करत होत्या. "तूच नवरी, तूच नवरा. आता हलू नकोस हं, नाहीतर वरात चुकेल," असं म्हणत त्यांनी अर्धा वर्ग हसवला आणि हसता हसता बांधूनही टाकला.

केतकी ढवळे, या वर्गाची बाई, फळ्याजवळ उभी राहून मनातल्या मनात दत्तगुरूंचं नाव घेत होती. खोली तीस मुलांची आणि मुलं पंचेचाळीस. बॅटरीचा कारखाना आल्यापासून गाव असं फुगलं होतं की पत्ता सांगायचा तर जुन्या माणसालाही विचार करावा लागे. कर्नाटकातून, मराठवाड्यातून, थेट बिहारातून माणसं आली आणि त्यांची लेकरं पहिलीत येऊन बसली. बाकावर जागा नसली तर खिडकीच्या कट्ट्यावर बसली. आजच्या मोजणीवर केतकीचं सगळं अवलंबून होतं. सरकारचं अनुदान मिळालं तर शाळेला आणखी दोन शिक्षक, आणखी दोन खोल्या मिळणार होत्या, आणि या एका वर्गाचे तीन लहान वर्ग होणार होते.

ही मोजणी कसली, ते आधी सांगायला हवं. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्याला एक ठेका असतो. शब्द येतात, थबकतात, पुन्हा येतात. ऐकणाऱ्याचं लक्ष खरोखर तिथं असलं, तर त्याच्या मेंदूतल्या बारीक विद्युतलहरी त्या ठेक्याशी पाऊल जुळवून चालू लागतात. लक्ष उडालं की पाऊल चुकतं. शास्त्रज्ञांना हे बरीच वर्षं ठाऊक होतं. नवी गोष्ट एवढीच, की कपाळावरच्या साध्या पट्टीतून ते भर वर्गात, पोरांच्या गोंगाटातही मोजता येऊ लागलं. मग हजारो वर्गांत मोजून झाल्यावर एक चित्र दिसलं. सहा-सात वर्षांच्या मुलाचं पाऊल बाईंच्या बोलण्याशी जुळून राहतं, पण बाई मधूनमधून त्याच्याकडे वळल्या तरच. वर्गात पोरं वाढली की बाईंचं वळणं कमी होतं आणि एकेक लहर गळून पडते. मोठी मुलं स्वतःला सावरून घेतात, पहिली-दुसरीतल्यांना ते जमत नाही. आणि त्या वयात निसटलेलं वाचन पुढे सहजासहजी हाती लागत नाही.

म्हणून सरकारनं पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी 'लहान वर्ग अनुदान' काढलं. पण पैसा सगळीकडे पुरणार कसा? तेव्हा पडद्यावर एक हिरवी रेषा आखली. वर्गाचा आलेख तिच्या खाली घसरला तर अनुदान, वर राहिला तर शेरा: 'सध्या गरज नाही'.

म्हणजे नापास होणाऱ्याला बक्षीस. असली परीक्षा मोरसांगवीनं जन्मात पाहिली नव्हती. तपासायला पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे जे होतं तेच गावानं केलं. भिंतींना चुना दिला, दाराला आंब्याचं तोरण लावलं. आयांनी पोरांची डोकी तेल थापून चापूनचोपून बसवली आणि "बाईंचं नाव घालवलंस तर बघ" असा दम भरून पाठवलं. केतकीचे वडील, वामनबुवा गोसावी, उभ्या पंचक्रोशीत नावाजलेले कीर्तनकार. ते तर आठवडाभर वर्गात येऊन पोरांकडून टाळ्यांचा ठेका घोटून घेत होते.

सरकारी परिपत्रकात 'नेहमीचा पाठ घ्यावा' असं स्वच्छ लिहिलं होतं. आणि केतकीनं घेतला तो नेहमीचाच पाठ होता, फक्त कल्हई केलेला; अनुदानासाठी मुद्दाम वाईट शिकवणं तिला जमणारं नव्हतं. कीर्तनकाराच्या घरात जन्मलेली मुलगी. शाळेत जायच्या आधीपासून हातात झांज घेऊन वडिलांच्या मागे उभी राहिलेली. तिच्या वर्गात वजाबाकीसुद्धा आख्यान होऊनच यायची. कोल्होबानं बोरं तोडली, वाटेत ससोबा भेटला, ससोबानं तीन मागितली. बाईंनी एक ओळ गायची, पोरांनी ती उचलायची, टाळी पडायची, पुढची ओळ.

त्या दिवशी तर रंग असा भरला की व्हरांड्यातली शिपाईमावशीही ताल धरून डोलू लागली. पाठ संपला आणि मुजावर मॅडमनी पडदा वळवून दाखवला. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस लहरी हिरव्या रेषेच्या वर, कवायतीला निघाल्यासारख्या एका पावलात चाललेल्या.

"असा वर्ग मी आजवर पाहिला नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या कपाळाला मात्र एक बारीक आठी होती.

गावानं टाळ्या वाजवल्या. आपण काय गमावलं ते कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी शिक्षण विभागाचे धुमाळ साहेब स्वतः पेढे घेऊन आले.

"ढवळेबाई, अनुदान काही मिळणार नाही," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले, "पण त्याहून मोठं काहीतरी मिळालंय. मोरसांगवी पद्धत! पंचेचाळीस पोरं आणि एकाचंही लक्ष ढळत नाही. अहो, मग खोल्या कशाला आणि जादा मास्तर कशाला? जिल्ह्यातल्या सगळ्या शिक्षकांना आपण हेच शिकवू. बुवा, तुम्ही प्रशिक्षण द्यायचं. पुढच्या महिन्यात भव्य मेळावा, शाल, श्रीफळ, सगळं!"

वामनबुवा तिथंच होते. अलीकडे त्यांच्या कीर्तनाला पुढच्या दोन रांगा भरल्या तरी पुष्कळ, अशी वेळ आली होती. त्यांनी हातातला पेढा तसाच ठेवला, उपरण्याचं टोक डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "साहेब, नारदाची गादी शाळेत गेली. देवानं या वयात हे दाखवलं, आणखी काय हवं?"

केतकीनं वडिलांचा चेहरा पाहिला आणि तीही हसली. पेढा मात्र तिनं न खाताच कागदात गुंडाळून ठेवला. आपल्या एका वर्गाचं अनुदान गेलं हे एक वेळ सोसलं असतं. पण आपल्यामुळे जिल्ह्यातल्या सगळ्या पहिल्या-दुसऱ्यांचं जाणार?

'पण पोरांना येतंय ना?' तिनं स्वतःलाच समजावलं. 'यंत्र म्हणतंय, लक्ष आहे. मग झालं तर.'

ती समजूत दुपारच्या सुट्टीपर्यंत टिकली.

मोजणीत सगळ्यात उंच लहर होती शिवलीलाची. विजापूरकडून आलेल्या वेल्डरची ही मुलगी. दोन घट्ट वेण्या, आवाज घंटेसारखा. गाण्यातली एक ओळ कधी चुकायची नाही. केतकीनं तिला डब्यावरून उठवून जवळ बसवलं आणि कौतुकानं विचारलं, "शिवलीला, कोल्होबाकडं आठ बोरं होती. ससोबाला तीन दिली. किती उरली गं?"

शिवलीलानं टाळी वाजवली आणि गाणं पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

"गाणं नको बाळ. नुसतं सांग."

ती थांबली. बाईंच्या तोंडाकडे पाहू लागली. मग पुन्हा टाळी, पुन्हा पहिली ओळ, या खेपेला आणखी गोड आवाजात. केतकीनं तिच्यापुढे चिंचोके मांडले. आठ मांडले, तीन बाजूला केले. "हे बघ, आता?" शिवलीलानं ते बाजूचे तीन उचलून परत ढिगात ठेवले, सांडलेलं नीट करून द्यावं तसे.

"कोल्होबा म्हणजे कोण, ठाऊक आहे तुला?"

शिवलीला हसली. त्या हसण्यात उत्तर नव्हतं, बाई रागावू नयेत एवढीच विनंती होती.

केतकीनं मग आणखी पोरांना बोलावलं. एकेकट्यानं, गाण्याशिवाय. काहींना येत होतं, बऱ्याच जणांना नव्हतं. ज्यांना येत नव्हतं त्यांना आपल्याला येत नाही हेही माहीत नव्हतं, कारण सगळ्यांच्या आवाजात त्यांचा आवाज रोज बरोबरच येत होता.

त्या संध्याकाळी भाजी निवडताना तिनं वडिलांना सगळं सांगितलं. नवरा कारखान्यात पाळीवर गेलेला; घरात दोघंच. बुवा मेथीची पानं खुडत ऐकत राहिले. मग त्यांचे हात थांबले.

"म्हणजे चाळीस वर्षं मी काय, नुसत्या माना डोलवल्या?"

"अण्णा, मी तुमच्या कीर्तनाबद्दल कुठं म्हणतेय?"

"त्याच्याबद्दलच म्हणतेयस. ठेका माझा, चाल माझी. पोरांना यंत्रानं पास केलं आणि तू नापास करायला निघालीस."

"मला पुन्हा मोजून घ्यायचंय. गाण्याशिवाय."

"मग घे ना! मला कशाला विचारतेस?" जुडी तशीच टाकून ते देवघरात जाऊन बसले. रात्रीचं ताट दोघांनी समोरासमोर बसून, एकही शब्द न बोलता संपवलं. केतकीच्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. दत्ताच्या देवळात बुवांचं कीर्तन. रुसवा असला तरी झांज धरायला केतकी गेली. हा नेम चुकवायची तिची छाती नव्हती. पूर्वरंग झाला, बुक्का लावला गेला, उत्तररंगात आख्यान ऐन भरात आलं. पुढच्या रांगेत तेलाचे व्यापारी रामभाऊ शेटे नेहमीसारखे डोळे मिटून डोलत होते. त्यांच्याइतकं मन लावून ऐकणारा गावात दुसरा नाही, असं बुवा चारचौघांत सांगायचे.

आणि अचानक बुवा थांबले. चिपळ्या खाली घेतल्या. पेटीवाला दोन सूर पुढे जाऊन गोंधळून थांबला.

"रामभाऊ, आत्ता मी काय सांगितलं हो?"

शेट्यांनी डोळे उघडले. "आँ? बुवा, चांगलं चाललंय की! थांबलासा कशाला?"

"चाललंय चांगलंच. पण सांगितलं काय?"

शेट्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. "आता... देवाचंच कायतरी की!"

देऊळ हसून हसून फुटायची वेळ आली. शेट्यांच्या मंडळींनी पदर तोंडाला लावला आणि मागून आवाज दिला, "घरी पण असंच ऐकत्यात, बुवा!" सगळ्यात जास्त हसले ते वामनबुवा. हसता हसता त्यांनी शेट्यांना मिठी मारली, त्यांच्या कपाळाचा बुक्का आपल्या कपाळाला लावून घेतला, आणि दुप्पट रंगात आख्यान पुढे नेलं.

घरी परतताना ते केतकीच्या खांद्यावर हात टाकून चालत होते.

"शेट्यांचं काही बिघडत नाही, केतकी. दोन घटका येतात, जीव निवतो, नाम कानावर पडतं. ज्याला जे घ्यायचं ते तो घेऊन जातो, उरलेलं देव बघून घेतो. एक बुवा आणि हजार श्रोते, कीर्तनात चालतं ते. पण तुझ्या पोरांना वाचता आलं पाहिजे, वजाबाकी आली पाहिजे. तिथं प्रत्येकाला थांबून विचारावंच लागेल, 'काय सांगितलं रे मी?' पंचेचाळिसांना कसं विचारशील?"

"नाहीच विचारता येत, अण्णा."

"मग उद्या त्या डॉक्टरबाईंना फोन कर."

"आणि शाल? मेळावा?"

"शाली आहेत घरात दोन. एकीला कसर लागलीये, दुसरी तू पांघरवतेस पेटीला. तिसरी कशाला हवी?"

मुजावर मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"ढवळे मॅडम, त्या दिवसापासून मला तेच टोचत होतं," त्या म्हणाल्या. "पंचेचाळीस मुलं इतक्या एका पावलात चालत नसतात. गाण्याचा ठेका फार पक्का असतो. अर्थ कळो न कळो, मेंदू त्यावर चालू लागतो. म्हणून तर आम्ही 'नेहमीचा पाठ' असं लिहिलं होतं. एखाद्या बाईंचा नेहमीचा पाठच गाणं असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. चूक आमच्या मोजणीत आहे. मी येते."

धुमाळ साहेबांना हे पटवणं मात्र अवघड गेलं.

"बाई, मी वर कळवून बसलोय! मोठ्या साहेबांच्या भाषणात आलंय ते. आता पुन्हा मोजायचं आणि आलेख खाली गेला, तर लोक काय म्हणतील ठाऊक आहे? ढवळेबाईंनी पहिल्यांदा डोळ्यांत धूळ फेकली. नाव तुमचं जाईल, बुवांचं जाईल."

हे केतकी बोलली नव्हती, पण तिच्या मनात होतंच. गावात गोसाव्यांच्या नावाला चार पिढ्यांचा मान होता.

"जाऊ दे, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही फक्त एकदा येऊन बसा. वर्गात, मागच्या बाकावर. मग तुम्हाला वाटेल ते करा."

साहेब आले. मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून बसले. या वेळी चुना नव्हता, तोरण नव्हतं; फळ्याखाली खडूची पूड तशीच पडलेली. केतकीनं गोष्ट साध्या आवाजात सांगितली आणि मग एकेका पोराजवळ जाऊन विचारू लागली. मुजावर मॅडमनी पडदा साहेबांपुढे धरला.

सुरुवातीला लहरी वर होत्या. मग केतकी एका पोराजवळ थांबली आणि बाकीच्या एकेक करून खाली घसरू लागल्या. आधी खिडकीत बसलेल्यांच्या, मग कोपऱ्यातल्यांच्या. कुणी दप्तराचा बंद चघळू लागलं, दोघांची चिमटेबाजी सुरू झाली. आलेख हिरव्या रेषेखाली गेला आणि तिथंच राहिला.

केतकी शिवलीलाजवळ पोचली. खाली बसली. चिंचोके मांडले आणि तिच्या आईकडून शिकून घेतलेल्या दोन-चार कानडी शब्दांत हळूच विचारलं. शिवलीला दचकली. बाईंच्या तोंडातून घरचे शब्द! तिनं चिंचोके बघितले, ओठ हलवत मोजले, पुन्हा मोजले. "ऐदु," ती म्हणाली, मग घाईनं, "पाच!" पडद्यावर तिची लहर सरळ वर चढली होती.

केतकीनं तिच्या पाठीवर थाप दिली आणि पुढच्या मुलाकडे वळली. शिवलीलानं थोडा वेळ बाईंकडे पाहिलं. लहर हळूहळू खाली आली आणि इतरांत मिसळून गेली.

धुमाळ साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ही मुलगी... बाई जवळ होत्या तेवढ्यापुरतीच?"

"तेवढ्यापुरतीच," मुजावर मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी केतकीला विचारलं, "पुन्हा हिची पाळी कधी?"

"आज नाही येणार, साहेब."

साहेब उठले. गुडघे चोळत दारापर्यंत गेले, तिथून परत आले. "मेळाव्याचा मांडव सांगून ठेवलाय," ते वैतागून म्हणाले. "आता काय सांगू लोकांना?"

दारात वामनबुवा उभे होते. "तोच मांडव ठेवा. मी येतो, आणि आज इथं काय दिसलं ते कीर्तनात सांगतो. ऐकतील. ऐकलं नाही तर मधेच थांबून विचारीन."

साहेबांना हसू आवरलं नाही.

बुवांनी खरोखर तसं केलं. जिल्ह्यातले शिक्षक मांडवात बसले होते, आणि आख्यानात ना राजा ना राक्षस; एक मुलगी, आठ चिंचोके आणि पंचेचाळीस जणांत एकदाच मिळालेली पाळी. गावात कुणी काही बोललं नाही असं नाही. "बाईंनी उगाच घोळ घातला" असं चार दिवस पाराजवळ चाललं, मग तेही विरलं. मुजावर मॅडमनी मोजणीचे नियम बदलून घेतले: एक मोजणी बाई सगळ्यांशी बोलताना आणि दुसरी मोजणी, बाई एकट्या मुलाशी बोलत असताना उरलेल्यांची. त्या हिशेबानं जिल्ह्यातल्या कितीतरी पहिल्या-दुसऱ्यांचा खरा आलेख उघड झाला, आणि पुढच्या शाळावर्षी अनुदान आलं. शाळेच्या मागे दोन खोल्या उभ्या राहिल्या. सोलापूरचा एक तरणा शिक्षक आला, आणि एक कानडी-मराठी दोन्ही सफाईनं बोलणाऱ्या बाई आल्या. गाणी थांबली नाहीत. दिवसाची सुरुवात आणि शेवट गाऊनच होतो. त्याशिवाय बुवा कुणाला घरी जाऊ देत नाहीत.

केतकीनं आपली जुनी पोरं दुसरीत स्वतःकडे मागून घेतली; त्यांतली पंधरा तिला मिळाली. श्रावणातल्या एका सकाळी ती त्यांना सावली शिकवत होती. उन्हात उभं राहिलं की आपली सावली पडते, सूर्य इकडे तर सावली तिकडे. फळ्यावर चित्र काढून झालं आणि ती पुढे जाणार, तेवढ्यात शिवलीलानं हात वर केला. गेल्या वर्षभरात तिनं आपणहून हात वर केल्याचं केतकीला आठवत नव्हतं.

"बाई, ढग आला की सावली कुठं जाते?"

केतकीनं तोंड उघडलं. एक छानशी ओळ जिभेवर आलीही होती, चालीसकट. तिनं ती गिळली आणि शिवलीलाच्या बाकावर जाऊन बसली.

"तुला काय वाटतं?"

शिवलीला विचार करू लागली. कोणी खोकलं नाही, कोणी घाई केली नाही, खिडकीत बसून घसरणारं कोणी नव्हतंच. बराच वेळ गेला.

"ढगाच्या खाली लपते," ती शेवटी म्हणाली. "पण... बघायला पाहिजे."

"खरंच, बघायला पाहिजे," केतकी उठली. "चला!"

पंचेचाळीस पोरं बाहेर काढायची म्हणजे मोहीम असते. पंधरा पोरं बाईंच्या मागून चपला पायांत अडकवत नुसती निघाली. मैदानात स्वच्छ ऊन होतं. प्रत्येकानं आपापली सावली पकडून ठेवली, आणि सगळी मान वर करून, कारखान्याच्या धुराड्याकडून हळूहळू येणाऱ्या त्या एका ढगाची वाट बघत उभी राहिली.